मागितलेलं रोप लागत नाही

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत चोर नाही असं एकही घर नाही, आणि सगळ्यांनी चोरी केली ती एकाच घरी, साळवे सिस्टरच्या. माझी बायको मंदा म्हणजे भाजीवाल्यानं चुकून जास्त घातलेली कोथिंबीरसुद्धा परत करणारी बाई, पण या कामात ती माझ्यापेक्षा तरबेज निघाली. समोरचे पाटील साहेब पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, त्यांनीही शेवटी हात मारलाच. आज आमच्या गल्लीत कुंड्यांमधून जे काही हिरवं दिसतं तो सगळा चोरीचा माल आहे, आणि त्याचा कुणालाही पश्चात्ताप नाही.

सिस्टरना गल्लीतून जाऊन आता दोन उन्हाळे झाले. मोगऱ्याला पाणी घालताना रोज त्यांची आठवण येते. त्यांचे आभार मानावेत असं फार वाटतं, पण ती सोय त्यांनी ठेवलेली नाही. का नाही ठेवली, ते सांगायलाच बसलो आहे.

साळवे सिस्टरची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेली. सुरुवातीची वर्षं खेड्यापाड्यात, मग इथं शहरात. मी त्यांना जवळून पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीनंतर, पण आपण निवृत्त झालोय हे त्यांना कुणी कळवलं नसावं. सकाळी बुद्धवंदना झाली की पदर कमरेला खोचून त्या अंगणात 'राउंड'ला निघायच्या. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघायला सोपं जावं म्हणून. बोलता बोलता समोरच्याचा हात हातात घ्यायची त्यांना सवय होती. नव्या माणसाला वाटायचं, बाई किती मायाळू. आम्हा जुन्यांना ठाऊक होतं की त्या ठोके मोजतायत. "चहा जास्त झालाय आज," असं म्हणून हात सोडून द्यायच्या आणि राहिलेलं बोलणं पुढं सुरू करायच्या.

घर दोन खोल्यांचं, पुढं व्हरांडा, आणि व्हरांड्यापासून गेटपर्यंत अंगण. त्यांचे यजमान साळवे काका होते तोवर अंगणात काकांची सायकल असायची. काका गेल्यावर ती जागाही झाडांनी घेतली. रंगाचे डबे, फुटके माठ, कूलरचा गंजलेला ट्रे, कुणीतरी टाकून दिलेलं बेसिन, मिळेल त्यात काहीतरी लावलेलं. बेसिनमध्ये गवती चहा होता आणि गल्लीतल्या निम्म्या घरांत सर्दी झाली की त्या बेसिनकडं माणूस धावत यायचा. उन्हातल्या रांगेला त्या जनरल वॉर्ड म्हणायच्या. जिन्याखालच्या सावलीत माना टाकलेली रोपं ठेवलेली असायची, तो आयसीयू. फक्त एक मोगरा गेटजवळ जमिनीत लावलेला होता. चांगला छातीइतका वाढलेला. त्याला वॉर्ड नव्हता. "तो स्टाफ हाय," असं सिस्टर म्हणायच्या.

आमच्या शहरात बाग करणं हे काय प्रकरण आहे हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. इथं नळाला पाणी येतं ते स्वतःच्या मर्जीनं. एकदा आलं की परत कधी येईल याचा नेम नाही, मधले सगळे दिवस ड्रमवर काढायचे. पाहुणा आला तर आधी पाण्याचा अंदाज, मग आनंद. अशा गावात सिस्टरची बाग भर मेमध्ये हिरवी असायची. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, अंघोळीचं पाणी, काही वाया जायचं नाही. त्यांच्याकडं ग्लासात पाणी अर्धं ठेवून उठता यायचं नाही. पाहुण्यानं निघताना उरलेलं पाणी आपल्या हातानं कुठल्यातरी कुंडीत घालायचं, असा तिथला कायदा. विजेचं बिल वाटणारा माणूससुद्धा पाणी प्यायला की न सांगता ग्लास घेऊन जनरल वॉर्डकडं वळायचा.

आणि सलाईन. उन्हाळ्यात आयसीयूमधल्या प्रत्येक कुंडीत एक काठी रोवलेली, काठीला उलटी बाटली टांगलेली, आणि नळीतून थेंब थेंब पाणी मुळाशी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना.

"दवाखान्यातून आणल्यात का, सिस्टर?"

"मेडिकलातून इकत आणल्यात, कोऱ्या. वापरलेल्या घरी आणल्या तर नोकरी जाईल माझी."

"पण तुम्ही तर रिटायर झालात."

"तरी बी," त्या म्हणाल्या, आणि एका अडुळशाचा थेंब कमी केला.

पुढं मी स्वतः रिटायर झालो. शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये आयुष्य गेलं. निरोप समारंभाची शाल अजून प्लास्टिकमध्येच होती, आणि मी रोज पहाटे उठून, दाढी करून, घराच्या पायरीवर बसत होतो. पेपर वाचायचा, मग तोच पेपर परत वाचायचा. आपली आता कुणाला गरज उरलेली नाही, ही गोष्ट कुणी तोंडावर सांगत नाही, पण घरातली भिंतसुद्धा ती सांगत असते. मंदाच्या स्वयंपाकघरात मी दोनदा लुडबुड केली आणि दोन्ही वेळा बाहेर हाकललो गेलो. बीपीची गोळीही त्याच दिवसांत मागं लागली.

एका सकाळी सिस्टर गल्ली ओलांडून आल्या आणि काही न बोलता माझा हात हातात घेतला.

"काय करायलात, भाऊ?"

"काही नाही. बसलोय."

"बसायलात ते दिसायलंय. वाट कशाची बघायलात?"

खरं म्हणजे मी कोपऱ्यावर कंपनीची बस यायच्या वेळेची वाट बघत होतो. बस यायची, थांबायची, निघून जायची, मग मी आत जायचो. सिस्टरनी कोपऱ्याकडं एकदा बघितलं. त्यांना कळलं असावं.

"रोपाची कुंडी बदलली की ते थोडे दिवस पानं टाकतंय," त्या म्हणाल्या. "घाबरायचं नाय. मुळं शाबूत असली की नवीन पानं येत्यात. पर माणसाला ड्यूटी लागती. उद्यापासून नळाची ड्यूटी तुमची. तुम्ही पहाटं उठतायच. नळाला सूं आवाज आला की गल्लीत हाक द्यायची."

हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या ड्यूटीनं मला उभं केलं. पहाटे नळाला कान लावून बसायचो. हवा सुटल्याचा आवाज आला की "नळ आले" अशी हाक देत गल्लीच्या टोकापर्यंत जायचो. घराघरांतून मोटारी सुरू व्हायच्या, ड्रमांची झाकणं निघायची, आणि लोक मला नावानं हाक मारून विचारायचे, जोर कसा आहे आज पाण्याला. स्टोअरमध्ये इतकी वर्षं घालवून मला एवढा मान मिळाला नव्हता.

आता चोरीचं सांगतो. मंदाला त्या गेटजवळच्या मोगऱ्याचा मोह पडला होता. तिनं मला फांदी आणायला पाठवलं. मी सभ्य माणसासारखा गेटशी उभा राहिलो आणि म्हणालो, "सिस्टर, मोगऱ्याची एक फांदी मिळेल का?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी अंगणात थुंकलो.

"मागायचं नसतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यंदा ऊन लई हाय, नाय का?"

मी म्हटलं, हो, फार आहे. त्या तशाच उभ्या. मला वाटलं, बाईंना द्यायची नाही. मी थोडा वेळ उन्हाविषयी बोललो आणि हात हलवत घरी आलो. मंदानं कपाळाला हात लावला. "अहो, त्या तुम्हाला चोरायला सांगत होत्या. मागितलेलं रोप लागत नाही, हे माहीत नाही तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी परत गेलो. सिस्टरनी पाठ केली. मी इकडंतिकडं बघून एक फांदी मोडायला हात घातला, तोच रस्त्याकडं बघतच त्या म्हणाल्या, "वरून नका. डोळ्याखालून तोडा. तिरकं." फांदीवर पान फुटतं त्या डोळ्याच्या खालून मी सांगितल्याप्रमाणं तोडली. इथवर सगळं नीट झालं होतं. पण नोकरीत साहेबाला पदोपदी थँक्यू म्हणायची सवय. गेटमधून बाहेर पडताना तोंडातून गेलंच, "आभारी आहे हं, सिस्टर."

त्या वळल्या. चेहरा असा की इंजेक्शनची सुई मोडावी.

"आता नाय लागायची. घाला जाऊन कचऱ्यात."

मी तरीही लावली. ती काळी पडली. आठवडाभरानं मला तोंड बंद ठेवून दुसरी चोरी करावी लागली, आणि तीच आज आमच्या गेटशेजारच्या कुंडीत आहे.

कुणी म्हणेल, अंधश्रद्धा. साळवे काकाही हेच म्हणायचे. खरं तर सिस्टरइतकी कोरडी बाई मी बघितलेली नाही. मी नवी स्कूटर घेतली तेव्हा मंदानं लिंबूमिरची बांधली होती, ती सिस्टरनी सोडून मंदाच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "वरणात पिळा, वहिनी. गाडीला सर्व्हिसिंग करा." नवस, मुहूर्त, दृष्ट, कशाचाच शिरकाव त्यांच्या घरात नव्हता. काका चिडवायचे, "सगळं सोडलं, तेवढी चोरी सुटंना बाईची." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "ही श्रद्धा नाय, हा अनुभव हाय."

मी एकदा नेट लावून विचारलं तेव्हा त्यांनी तो अनुभव सांगितला. "मागून नेलं की माणूस बेफिकीर होतंय, भाऊ. मेलं तर परत मागू. चोरलेलं मेलं तर परत चोरी करावी लागती, म्हून जीव लावतंय. आन आभार मानले की फिटलं. फिटलं की कोण बघतंय त्या रोपाकडं?" दवाखान्यातही त्यांनी कुणाला आभार मानू दिले नाहीत म्हणे. "बरं झालात ना, मंग जावा. गोळ्या टायमाला घ्या."

गल्लीत हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. अपवाद एकच, पाटील साहेब. त्यांच्या घरीही मोगऱ्याचा हट्ट सुरू होता, पण साहेब बधत नव्हते. "आमच्या खानदानात कुणी दुसऱ्याच्या काडीला हात लावलेला नाही," असं म्हणायचे. त्यांनी रीतसर विकत मागून बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "इकलेलं तर मुळीच लागत नाय, साहेब." मग साहेबांनी नर्सरीतून दुसरा मोगरा आणला, तो पावसाळ्याआधीच वाळला. सिस्टर काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ती वाळकी कुंडी रस्त्यापलीकडून लांबूनच बघितली, डॉक्टर बघतात तशी.

एका थंडीत, संध्याकाळच्या चहाला आम्ही चौघं त्यांच्या व्हरांड्यात बसलो होतो, सिस्टर, पाटील साहेब, मी आणि मंदा. मंदानं सहज विचारलं, हा मोगरा तुम्ही कुठून आणला.

"चोरून," सिस्टर म्हणाल्या. "पिशोरहून."

पाटील साहेब पिशोरचेच. ते सरसावून बसले.

"माझी पयली पोस्टिंग तिथं," सिस्टर सांगू लागल्या. "एका मोठ्या घरी बाळंतपण अडलं होतं. मला बोलावलं. लई वेळ गेला, पर सून सुटली, पोरगं बी चांगलं निघालं. घरची म्हातारी लई खूश. म्हणली, बाई, काय पायजे ते माग. दारात मोगरा होता, असा बहरलेला. मी म्हणलं, ह्याची एक काडी द्या. म्हातारी गप झाली. आमचं आडनाव तिला ठाऊक होतं. दारात चारचौघं बसलेले. आम्हाला काय द्यायचं तर हातात देत नसत, वरून टाकत. आमच्या हातून बाळ घ्यायला चालत होतं, पर हातात काडी द्यायची म्हंजे बोभाटा झाला असता. म्हातारीनं एकदा दाराकडं बघितलं. मंग म्हणली, 'मागितलेलं लागत नाय, बाई. चोरलेलं लागतंय. मी पाठ करते.' आन भितीकडं तोंड करून उभी राह्यली. मी तोडायले तर म्हणती कशी, 'डोळ्याखालून तोड, पोरी.'"

सिस्टरनी चहाचा घोट घेतला.

"तिनं त्या टायमाला मला सांभाळलं का सोताला, ते मला आजपत्तोर नाय कळलं. म्हातारी कवाच गेली असंल. पर पोरी म्हणली. आन काडी लागली."

घर कुणाचं, हे सिस्टरनी सांगितलं नाही. पिशोरसारख्या गावात मोठी घरं अशी किती असणार, पण पाटील साहेबांनीही विचारलं नाही. निघताना त्यांनी ग्लासातलं उरलेलं पाणी मोगऱ्याच्या बुडाशी घातलं, अगदी हळू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गच्चीवर कपडे काढायला गेलो होतो. पाटील साहेब इस्त्रीचा शर्ट घालून सिस्टरच्या गेटशी आले. खोकले. सिस्टर कुंड्या सारत होत्या, त्यांनी मान वर केली, साहेबांना बघितलं, आणि सावकाश भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. साहेब किती तरी वेळ नुसते उभे. मग त्यांनी खिशातून कात्री काढली. चोरीला कात्री आणि इस्त्रीचा शर्ट असा चोर मी दुसरा बघितला नाही. काडी पिशवीत टाकून ते गेटपर्यंत गेले, तिथं थांबले, वळले, आणि सिस्टरच्या पाठीला दोन्ही हात जोडले. सिस्टरना ते दिसलं नाही. त्याला आभार म्हणायचं की नाही कोण जाणे. त्यांचा मोगरा मात्र लागला.

मग तो दिवस आला. नळ आले होते, मी हाक देऊन परतत होतो. सिस्टर पाइप घेऊन व्हरांड्याच्या पायरीवरून उतरल्या आणि शेवाळावरून घसरल्या. मी धावलो.

"हात लावू नका," त्या जमिनीवरूनच म्हणाल्या. तोंड पांढरं पडलं होतं, आवाज तोच. "खुब्याचं हाड गेलंय. आधी नळ बंद करा, पाणी वाया चाललंय. मंग ॲम्ब्युलन्स."

ऑपरेशन चांगलं झालं. पुण्याहून त्यांची लेक सुजाता आली आणि राहिली. गुणी मुलगी, आईवर जीव. महिनाभरानं सिस्टर वॉकर धरून चालू लागल्या, तेव्हा तिनं विषय काढला, आई, आता एकटीनं नाही राहायचं. आम्हाला वाटलं, सिस्टर भांडतील. त्या म्हणाल्या, "जल्मभर पेशंटला सांगितलं, ऐकत जा. आता माझी पाळी." घराला गिऱ्हाईक मिळालं. माणसं चांगली होती, पण त्यांच्याकडं मोठी गाडी होती आणि अंगणात फरशी टाकायची होती.

राहता राहिली बाग. पुण्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट, हातभर बाल्कनी. सुजाता म्हणाली, गल्लीत वाटून टाकू या. सिस्टर गप्प. मग म्हणाली, नर्सरीवाल्याला बोलावू. तरीही गप्प. कुणाला काही समजेना. दुपारी मी जाऊन बसायचो, तर त्या कुंड्यांकडं बघत असायच्या. मंदानंच मला दाखवून दिलं की एवढ्यात सिस्टरनी कुणाची नाडी बघितलेली नाही.

"सिस्टर, मी नेतो सगळ्या आमच्या गच्चीवर," मी म्हणालो.

"दिलेलं लागत नाय, भाऊ."

"आता कसलं हे घेऊन बसलात."

"माझी फिकीर नाय मला. मला लेक हाय. ह्यांचं काय करू?" त्यांचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं. "जे जे हातात दिलं, ते मेलेलंच बघितलंय मी. माझ्या हातानं कशी देऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येणार होती. जेवणं झाल्यावर सुजाता सामानाच्या दोऱ्या आणायला बाजारात गेली आणि सिस्टरनी मला हाक मारली. व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या, वॉकर बाजूला.

"भाऊ, खुर्ची फिरवा जरा."

"ऊन लागतंय का?"

"ऊन नाय. भितीकडं तोंड करून ठेवा. आन गेट सताड उघडं ठेवा."

मी त्यांना धरून खुर्ची फिरवली. समोर नुसती भिंत, हातभर अंतरावर.

"आता घरी जा," त्या भिंतीला म्हणाल्या. "वहिनीला सांगा, सिस्टर दिवेलागणीपत्तोर भित बघत बसणार हायेत."

मी गेटपर्यंत आलो आणि मला कळलं. मग मी धावत सुटलो. नळाला हाक देतो तशी हाक देता येत नव्हती, म्हणून घराघरात जाऊन कानात सांगितलं.

ती दुपार मी विसरणार नाही. सगळी गल्ली चोरपावलांनी त्या अंगणात शिरली. कुणी बोलत नव्हतं, चपला गेटबाहेर काढल्या होत्या. मंदानं जास्वंद उचलली. कुणी अडुळसा, कुणी सदाफुली. रिक्षावाल्या शेख भाईंनी गवती चहाचं बेसिन एकट्यानं उचललं आणि रिक्षात घातलं. सिस्टर भिंतीकडं बघत बसल्या होत्या, पाठ ताठ, पांढऱ्या केसांचा अंबाडा, आणि भिंतीलाच सूचना देत होत्या.

"तो खडखडणारा डबा कढीपत्त्याचा हाय. त्याला ताक घालायचं."

"बेसिन न्यायलेत जणू. शेख भाई, रोज पानी नको उसको."

पाटील साहेब एका जड माठाला हात घालून वाकले.

"पाटील साहेब, कंबरेतून नाय, गुडघ्यातून वाका. मी नाय हाय आता हाड बघायला."

साहेब पकडल्यासारखे जागच्या जागी थबकले. मग निमूट गुडघ्यात वाकले आणि माठ उचलून पायाचा आवाज न करता गेले. मी आयसीयूमधली तीन मरतुकडी रोपं घेतली, सलाईनसकट. ती कुणी नेणार नाही हे मला ठाऊक होतं. गेटशी आल्यावर ते दोन शब्द माझ्या अगदी ओठांवर आले. मी दात घट्ट आवळले आणि घरी आलो. ती तिन्ही आज आमच्या गच्चीवरच्या जनरल वॉर्डात आहेत.

दिवे लागले तेव्हा अंगणात ओल्या मातीचे नुसते गोल उरले होते, आणि गेटजवळचा तो मोगरा. तो जमिनीतला, उचलण्यासारखा नव्हता. सुजाता बाजारातून आली आणि रिकामं अंगण बघून दारातच उभी राहिली. सिस्टर म्हणाल्या, "चोरी झाली. खुर्ची फिरव."

सकाळी गाडी आली. सुजाता म्हणाली, "आई, मोगऱ्याची एक काडी घेते आपल्याबरोबर, बाल्कनीत लावू." सिस्टरनी नकारार्थी मान हलवली. "आपल्याच घरची काडी. चोरायची कशी?" सुजातानं कपाळावर हात मारून घेतला आणि ती बॅगा ठेवायला गेली.

सिस्टर वॉकर टेकत गाडीकडं निघाल्या. गाडी आमच्या गेटसमोर उभी होती. मी तिथं उभाच होतो. त्यांनी एका हातानं वॉकर धरला आणि दुसऱ्यानं माझा हात घेतला. घड्याळाकडं बघितलं.

"जरा फास्ट हाय," त्या म्हणाल्या.

"असू द्या आज."

त्यांनी हात सोडला नाही. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, आमच्या गेटशेजारच्या कुंडीकडं. मोगरा कळ्यांवर होता. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि काही म्हणाल्या नाहीत.

मी त्यांच्याकडं पाठ केली. रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. म्हणालो, "यंदा ऊन लई हाय, नाय का, सिस्टर?"

मागं वॉकर दोनदा टेकल्याचा आवाज आला.

"डोळ्याखालून तोडा," मी म्हणालो.

"मला शिकवायलात व्हय?"

काडी मोडल्याचा बारीक आवाज आला. मग वॉकर, मग गाडीचं दार. गाडी माझ्या शेजारून पुढं गेली तेव्हा त्या खिडकीत दिसल्या. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, नजर सरळ पुढं, मागं वळून न बघता. चोरी करून निघालेलं माणूस जातं तसं.

गाडी कोपऱ्यावर वळल्यावर मी कुंडीपाशी गेलो. काप तिरका होता, डोळ्याच्या बरोबर खाली. त्यांनी माझे आभार मानले नव्हते आणि मी त्यांचे मानले नव्हते. काडी लागणार होती.